मुलाम्याआडचा प्रकाश

मोबाइल चेहरा ओळखतो तेव्हा त्याच्या वरच्या कडेला दडलेल्या लेझरांच्या एका चिमुकल्या पट्टीतून अवरक्त प्रकाशाचे ठिपके आपल्या चेहऱ्यावर पडतात. त्या पट्टीतला एकेक लेझर साधारण दहा मायक्रॉन रुंदीचा असतो. त्याच फोनच्या प्रोसेसरमधला ट्रान्झिस्टर शंभर नॅनोमीटरच्याही आत मावतो. रुंदीत शंभरपट फरक, म्हणजे एका लेझरच्या जागेत दहा हजार ट्रान्झिस्टर. इलेक्ट्रॉनची उपकरणे वर्षागणिक लहान होत गेली, प्रकाशाची मात्र मागे राहिली. हे अंतर कमी करण्यासाठी गेल्या वीस वर्षांत जे उपाय झाले, त्यांतला सर्वांत धाडसी आणि सर्वांत वादग्रस्त उपाय म्हणजे अर्धवाहकाच्या कणाला सोन्याचा, चांदीचा किंवा ॲल्युमिनियमचा मुलामा चढवणे. या मुलाम्याने प्रकाश खरोखर किती कोंडला जातो आणि त्या कोंडण्याची किंमत काय, हा या लेखाचा विषय.

प्रकाश कोंडणे अवघड का, हे आधी पाहू. दूरसंचारात वापरतात त्या प्रकाशाची तरंगलांबी हवेत १५५० नॅनोमीटर असते. अर्धवाहकाचा अपवर्तनांक ३.४ च्या आसपास, त्यामुळे त्याच्या आत ती साधारण ४५० नॅनोमीटर होते. प्रकाशाची लाट कोंडायची तर निदान अर्धी तरंगलांबी मावेल एवढी जागा लागते, म्हणजे सुमारे २३० नॅनोमीटर. हा आकडा तसा वाईट नाही. अडचण वेगळीच आहे. नुसत्या अपवर्तनांकाच्या फरकावर प्रकाश अडवला, तर लाटेचा बराचसा भाग अर्धवाहकाच्या बाहेर पसरलेला राहतो. कण जितका बारीक, तितकी ही बाहेरची शेपटी लांब. शेवटी कणाच्या आत प्रकाश नावापुरता उरतो आणि बाकीचा निसटून जातो.

यावरचे जुने उपाय सगळे चांगले आहेत आणि सगळ्यांची एकच खोड आहे. जपानच्या केनिची इगा यांनी १९७७ साली उभ्या पोकळीच्या लेझरची कल्पना मांडली. मोबाइलमधले लेझर त्याच घराण्यातले. त्यांत वर-खाली थरावर थर रचून आरसे केलेले असतात आणि त्या आरशांचीच जाडी काही मायक्रॉन भरते. बेल प्रयोगशाळेत १९९२ साली सूक्ष्म चकतीचा लेझर झाला. त्यात प्रकाश चकतीच्या कडेकडेने फिरत राहतो. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९९९ साली अर्धवाहकाच्या पातळ पापुद्र्यात बारीक भोकांची जाळी पाडून मधोमध प्रकाश कोंडला गेला. तिथे प्रकाश अगदी लहान जागेत बसतो, पण त्याला तिथे बसवणारी जाळी चहूबाजूंनी कित्येक मायक्रॉन पसरावी लागते. शेत हातभर आणि कुंपण एकरभर, अशी ही स्थिती.

धातू हे कुंपणच पातळ करतो. धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन येणाऱ्या लाटेला प्रतिसाद देत उलट दिशेने हलतात आणि लाटेला आत शिरू देत नाहीत. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाचे विद्युतक्षेत्र चांदीत जेमतेम वीस-पंचवीस नॅनोमीटर शिरते आणि विरते. म्हणजे शंभर नॅनोमीटरचा मुलामा त्याच्यासाठी भिंतच. शिवाय ही भिंत आणखी तीन कामे फुकटात करते. तिच्यातूनच लेझरला वीज देता येते, तिच्यातूनच आतली उष्णता बाहेर काढता येते आणि शेजारी-शेजारी दोन लेझर ठेवले तरी एकाचा प्रकाश दुसऱ्यात घुसत नाही.

एवढे गुण असूनही धातूचा विचार बरीच वर्षे कोणी गांभीर्याने केला नाही, कारण धातू प्रकाश परतवतो तसा थोडा गिळतोही. यातला जमाखर्च हा या विषयाचा गाभा असल्याने तो नीट पाहिला पाहिजे. ३०० नॅनोमीटर जाडीचा अर्धवाहक घ्या. भरपूर ऊर्जा दिलेल्या अर्धवाहकात प्रकाश दर सेंटीमीटरला एक ते दोन हजार या प्रमाणात वाढतो. त्या हिशेबाने ३०० नॅनोमीटरच्या एका फेरीत तो ३ ते ६ टक्क्यांनी वाढेल. ही झाली जमा. आता खर्च. धातूवर प्रत्येक वेळी आपटताना किती प्रकाश गिळला जातो हे धातूवर अवलंबून आहेच, पण धातूला लागून कोणता पदार्थ आहे यावरही ते तितकेच अवलंबून आहे. हवेतून चांदीवर आपटलेल्या प्रकाशापैकी अर्ध्या टक्क्याहूनही कमी गिळला जातो. तीच चांदी थेट अर्धवाहकाला चिकटवली की हा आकडा तिप्पट होतो, म्हणजे सव्वा टक्क्याच्या पुढे जातो. त्याच जागी सोने असेल तर खर्च सुमारे ५ टक्के आणि ॲल्युमिनियम असेल तर ७ टक्क्यांच्या आसपास. हे आकडे ढोबळ आहेत, सरळ आपटणाऱ्या प्रकाशाचे आहेत आणि धातू अगदी शुद्ध धरून काढलेले आहेत. पण चित्र पुरेसे स्पष्ट आहे: जमा आणि खर्च एकमेकांना भिडलेले आहेत आणि पारडे कुठे झुकेल हे बारकाव्यांवर ठरते.

हे पारडे पहिल्यांदा झुकवले नेदरलँड्समधल्या आइंडहोवेन तंत्रविद्यापीठात मार्टिन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २००७ साली. त्यांचे उपकरण जवळून पाहण्यासारखे आहे. इंडियम फॉस्फाइडच्या चकतीवर एक खांब कोरायचा, सुमारे एक मायक्रॉन उंच आणि दोन-अडीचशे नॅनोमीटर व्यासाचा. खांबाच्या मध्यभागी ३०० नॅनोमीटर उंचीचा इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा टप्पा, प्रकाश निर्माण होतो तो इथेच. खांबाभोवती सिलिकॉन नायट्राइडचा अगदी पातळ विद्युतरोधक थर आणि त्यावर खांब पूर्ण बुडेल असे सोने. खांबाच्या माथ्यावर सोने अर्धवाहकाला टेकते आणि तिथून वीज आत शिरते. प्रकाश बाहेर पडतो तो खालून, चकतीच्या बाजूने. या खांबाला द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे ७७ केल्विनला, लेझर म्हणून चालवायला काही मायक्रोअँपिअर प्रवाह पुरला. बाजारातल्या साध्या लेझर डायोडला मिलिअँपिअर लागतात. सोन्यात बुडवलेला लेझर विजेवर चालतो, हे दिसल्यावर या विषयाकडे बघण्याची सगळ्यांची नजर बदलली.

तरीही तो चालला थंडीत. खोलीच्या तापमानाला अर्धवाहकातली वाढ मंदावते, धातूतल्या इलेक्ट्रॉनांची धडपड वाढते आणि जमाखर्चाचे पारडे पुन्हा उलटते. त्यावरचा तोडगा सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात येशाहू फेनमन यांच्या गटाने २०१० साली दाखवला आणि माझ्या मते या सबंध क्षेत्रातला तो सर्वांत शिकवणारा प्रयोग आहे. त्यांनी अर्धवाहकाची चकती आणि धातू यांच्यामध्ये सिलिकाचा सुमारे २०० नॅनोमीटरचा जाड थर ठेवला आणि वरून मुलामा दिला तो ॲल्युमिनियमचा. या तरंगलांबीला ॲल्युमिनियम चांदीपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश गिळते, हे वरच्या आकड्यांत आलेच आहे. तरीही हा लेझर खोलीच्या तापमानाला चालला. वीज देऊन नव्हे, दुसऱ्या लेझरच्या प्रकाशस्पंदांनी ऊर्जा देऊन, पण चालला. धातू कोणता यापेक्षा धातू किती लांब, हे जास्त महत्त्वाचे ठरू शकते, हा धडा त्यातून मिळाला.

मधला थर काय करतो? धातूच्या पृष्ठभागाजवळ पोचणारे विद्युतक्षेत्र तो कमी करतो. लाटेचा जोर अर्धवाहकात राहतो, शेपटी सिलिकात विरत जाते आणि उरलेसुरले जे धातूपर्यंत पोचते तेवढेच परतवायचे काम धातूला उरते. थर फार पातळ ठेवला तर धातू गिळत बसतो. फार जाड केला तर, बाहेरचा आकार तोच ठेवायचा असल्याने, आतला अर्धवाहक बारीक होतो, लाट त्याच्यातून निसटून सिलिकात पसरते आणि वाढ मिळेनाशी होते. या दोन टोकांच्या मध्ये एक जाडी अशी असते की लेझर चालायला लागणारी वाढ सर्वांत कमी होते. प्रत्येक व्यासाला ही जाडी वेगळी. आता या क्षेत्रातले बहुतेक आराखडे हीच जाडी शोधण्यापासून सुरू होतात.

इथवर आपण धातूला आरसा मानले. पण धातूची दुसरीही एक वृत्ती आहे. लाटेचे विद्युतक्षेत्र धातूच्या पृष्ठभागाला समांतर असेल तर ते पृष्ठभागापाशी जवळजवळ शून्य होते, आणि धातू आरशासारखा वागतो. क्षेत्र पृष्ठभागाला काटकोनात असेल तर गोष्ट बदलते. मग धातूतले इलेक्ट्रॉन लाटेबरोबर हेलकावू लागतात आणि प्रकाश व इलेक्ट्रॉनांचे हेलकावे यांची मिळून एक लाट पृष्ठभागाला चिकटून धावते. हा प्लाझ्मॉन. त्याची तरंगलांबी मूळ प्रकाशाहून खूप लहान होऊ शकते, त्यामुळे २३० नॅनोमीटरची ती मर्यादाही ओलांडता येते. बर्कलीत झियांग झांग यांच्या गटाने २००९ साली चांदीच्या पत्र्यावर मॅग्नेशियम फ्लोराइडचा पाच नॅनोमीटरचा थर आणि त्यावर कॅडमियम सल्फाइडची तार ठेवून त्या पाच नॅनोमीटरच्या फटीत लेझरचा प्रकाश दाटवला. मार्टिन हिल यांच्या गटानेही त्याच वर्षी दोन धातूंच्या मधल्या अरुंद अर्धवाहक पट्टीत प्लाझ्मॉनची लाट लेझरसारखी चालवली. दोन्ही प्रयोग कडाक्याच्या थंडीत झाले. त्याच वर्षी सोन्याच्या गाभ्याभोवती रंगद्रव्याचे कवच असलेला ४४ नॅनोमीटरचा गोळाही लेझर म्हणून गाजला, पण तो अर्धवाहकाचा नसल्याने इथे त्याच्या तपशिलात शिरत नाही.

प्लाझ्मॉनच्या या लाटेत एक गोष्ट अशी घडते की ती पहिल्यांदा वाचणाऱ्याला छापण्यातली चूक वाटेल. लाटेची किती ऊर्जा अर्धवाहकात आहे, ते सांगणाऱ्या अंकाला बंदिस्तीचा गुणक म्हणतात. साध्या लेझर डायोडमध्ये तो काही टक्केच असतो. तो १०० टक्क्यांच्या पुढे जाऊ शकत नाही असे कोणीही म्हणेल. पण अलेक्सी मास्लोव्ह आणि कुन-झेंग निंग यांनी धातूने मढवलेल्या तारांचा हिशेब मांडला तेव्हा परिणामकारक गुणक एकाच्या वर गेलेला दिसला. कारण असे की, धातूला चिकटलेली लाट फार सावकाश पुढे सरकते. सावकाश सरकते म्हणून अर्धवाहकाच्या प्रत्येक मायक्रॉनमध्ये ती जास्त वेळ घालवते आणि प्रत्येक मायक्रॉनमागे तिला जास्त वाढ मिळते. याचा अर्थ ऊर्जा हवेतून आली असा नाही. जास्त वेळ अर्धवाहकात म्हणजे जास्त वेळ धातूच्या सहवासातही, आणि त्यामुळे गिळला जाणारा प्रकाशही त्याच प्रमाणात वाढतो. बंदिस्तीचा मोठा आकडा पाहून हुरळून जाणाऱ्याने शेजारचा नुकसानीचा आकडाही वाचला पाहिजे.

या नुकसानीला तळ कुठे आहे, हा प्रश्न अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे जेकब खुर्गिन यांनी फार नेमका मांडला. त्यांचा युक्तिवाद असा. साध्या पोकळीत ऊर्जा विद्युतक्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र यांच्यात आलटून-पालटून जाते. पोकळी अर्ध्या तरंगलांबीहून बरीच लहान केली की चुंबकीय क्षेत्राला तिच्यात पुरेशी ऊर्जा साठवताच येत नाही. मग दुसऱ्या पाळीला ऊर्जा ठेवायची कुठे? ती धातूतल्या इलेक्ट्रॉनांच्या हालचालीत जाते. म्हणजे जवळजवळ निम्मा वेळ ऊर्जा धातूत मुक्कामाला, आणि धातूतला इलेक्ट्रॉन दहा-वीस फेम्टोसेकंदांत कशावर तरी आदळून ती उष्णता म्हणून उधळतो. तीनही दिशांनी प्रकाश अशा रीतीने दाबला, तर आकार कसाही द्या, नुकसानीचा वेग धातूच ठरवतो. कारागिरीने तो कमी होत नाही. एवढे नुकसान भरून काढायला अर्धवाहकाला इतकी ऊर्जा द्यावी लागते की विजेवर ते परवडणारे राहत नाही.

या मताला दुसरी बाजूही आहे. पेकिंग विद्यापीठातल्या रेन-मिन मा यांच्या गटाने २०१७ साली धातूचे आणि बिनधातूचे अनेक लेझर एकाच पद्धतीने बनवून, आकार बदलत बदलत त्यांची तुलना केली. आकार मोठा असताना बिनधातूचे लेझर सरस ठरले. आकार अर्ध्या तरंगलांबीच्या मर्यादेजवळ आला तेव्हा बिनधातूच्या लेझरातून प्रकाश गळू लागला, त्यांना जास्त ऊर्जा लागू लागली आणि धातूचे लेझर पुढे गेले. मला या दोन मतांत विरोध दिसत नाही. खुर्गिन मर्यादेच्या बऱ्याच आतल्या प्रदेशाबद्दल बोलतात, मा मर्यादेच्या काठाबद्दल. धातूचा खरा उपयोग या काठावरच आहे.

आता मुलाम्याच्या प्रतीबद्दल. हिशेबात आपण शुद्ध, सपाट धातू धरतो. प्रत्यक्षात वाफ करून बसवलेली चांदी बारीक कणांची बनलेली असते आणि कणाकणांच्या सीमांवर इलेक्ट्रॉन अडखळतात. उपकरण थंड केले तरी हे अडखळणे कमी होत नाही, त्यामुळे थंडीचा अपेक्षित फायदाही पुरता मिळत नाही. चांदी तापवून तिचे कण मोठे करणे हा एक उपाय आहे. दुसरा उपाय तैवान आणि टेक्सासच्या संशोधकांनी २०१२ साली दाखवला: त्यांनी अणूंच्या पातळीवर सपाट, जवळजवळ एकसंध स्फटिक असलेली चांदी वाढवली, तिच्यावर गॅलियम नायट्राइडची कांडी ठेवली आणि अगदी कमी ऊर्जेत, अखंड चालणारा लेझर मिळवला.

सोने आणि चांदी काचेला किंवा सिलिकाला धड चिकटत नाहीत, ही आणखी एक डोकेदुखी. म्हणून खाली टायटॅनियम किंवा क्रोमियमचा दोन-चार नॅनोमीटरचा थर द्यायची प्रथा आहे. इलेक्ट्रॉनिक्समध्ये ती बिनधोक चालते. इथे मात्र हे दोन्ही धातू प्रकाश अधाशासारखे गिळतात आणि ते नेमके त्या पृष्ठभागावर असतात जिथे प्रकाश धातूत शिरतो. शंभर नॅनोमीटर उत्तम चांदी चढवूनही तिच्याखालचे तीन नॅनोमीटर क्रोमियम सगळे पाणी फिरवू शकते. चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते, हे देव्हाऱ्यातले निरांजन घासणाऱ्याला सांगायला नको. लेझरात ती उघडी ठेवून चालत नाही. रंगाचाही प्रश्न आहे. सोने हिरव्या-निळ्या प्रकाशाला निरुपयोगी, कारण तो प्रकाश ते स्वतःच शोषते. अवरक्तात मात्र ते चांगले. चांदी जवळजवळ सगळ्या दृश्य प्रकाशाला चालते आणि अतिनील प्रकाशाला ॲल्युमिनियमशिवाय फारसा पर्याय नाही.

तरंगलांबी वाढवत नेली तर हा सगळा तंटाच मिटतो. टेराहर्ट्झ पट्ट्यात प्रकाशाची तरंगलांबी शंभर मायक्रॉनच्या घरात असते आणि तिथे सोने-तांबे जवळजवळ निर्दोष आरसे असतात. एमआयटीत किंग हू यांच्या गटाने २००३ साली साधारण दहा मायक्रॉन जाडीचा अर्धवाहक वर-खाली धातूच्या पत्र्यांत दाबून, शंभर मायक्रॉनच्या लाटेचा लेझर चालवला. बंदिस्तीचा गुणक जवळपास एक, जाडी तरंगलांबीच्या दहाव्या हिश्श्याची. या पट्ट्यात धातूचे आवरण ही आता रूढ पद्धत आहे.

शेवटचा एक मुद्दा उंबरठ्याचा, म्हणजे लेझर चालू व्हायला लागणाऱ्या किमान ऊर्जेचा, कारण बातम्यांत त्याचा नेहमी घोळ होतो. साध्या लेझरमध्ये आपोआप निघणाऱ्या प्रकाशकणांपैकी लाखात एखादाच लेझरच्या लाटेत जातो, बाकीचे भलतीकडे. धातूने कोंडलेल्या इवल्या पोकळीत प्रकाशाला जायला दुसरी वाटच नसते, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक कण त्याच लाटेत पडतो आणि उंबरठा दिसेनासा होतो. मर्सिडेह खाजाविखान, फेनमन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली मधोमध धातूची दांडी, भोवती अर्धवाहकाचे कडे आणि बाहेर चांदी, अशी समाक्ष रचना करून ४.५ केल्विनला उंबरठा नसलेला लेझर दाखवला. मात्र उंबरठाच दिसत नसेल, तर उपकरण लेझर झाले की नुसता दिवाच राहिला, हे प्रकाशाच्या तीव्रतेवरून सांगता येत नाही. त्यासाठी प्रकाशकण किती नियमितपणे येतात याची मोजणी करावी लागते. शिवाय पोकळीत मोजकेच प्रकाशकण असले की लेझरचा रंग तितका शुद्ध राहत नाही. लहानपणाची ही किंमत धातू कितीही चांगला असला तरी चुकत नाही.

मग हे लेझर आज कुठे उभे आहेत? निंग आणि हिल यांच्या गटांनी २०१३ साली चांदीने मढवलेला, विजेवर, खोलीच्या तापमानाला अखंड चालणारा लेझर केला. त्याचा आकार मायक्रॉनच्या आसपास होता, शंभर नॅनोमीटरच्या नव्हे. त्याच वर्षी जपानच्या एनटीटी कंपनीच्या संशोधकांनी भोकांच्या जाळीचा, एक कणही धातू नसलेल्या पोकळीचा लेझर ४.८ मायक्रोअँपिअर प्रवाहावर सुरू करून दाखवला आणि एका बिटमागे ४.४ फेम्टोज्यूल ऊर्जेत माहिती पाठवली. २०२४ साली मा यांच्याच गटाने धातूशिवाय, नुसत्या अर्धवाहकाला फुलपाखरी टायसारखा आकार देऊन, एक नॅनोमीटरच्या फटीत क्षेत्र दाटवणारा लेझर सादर केला. म्हणजे प्रकाश बारीक जागेत दाटवण्याची मक्तेदारी आता धातूकडे राहिलेली नाही.

धातूकडे उरते ते दुसरे बळ: सगळे उपकरण, कुंपणासकट, लहान ठेवण्याचे, त्याच भिंतीतून वीज देण्याचे आणि उष्णता काढण्याचे, शेजाऱ्यापासून वेगळे ठेवण्याचे. चिपवर हजारो लेझर दाटीने बसवायचे असतील तर हे बळ मोलाचे आहे, आणि त्यासाठी प्रकाश पाच नॅनोमीटरच्या फटीत कोंबण्याची गरज नाही. अर्ध्या तरंगलांबीच्या काठावर थांबावे, मध्ये पुरेसा जाड विद्युतरोधक थर ठेवावा, चांदी स्वच्छ आणि सपाट असावी आणि तिच्याखाली क्रोमियम नसावे: धातूच्या मुलाम्याचे भवितव्य मला या मार्गावर दिसते. जगातला सर्वांत लहान लेझर तयार झाल्याची बातमी पुन्हा कधी वाचनात येईल, तेव्हा वाचकांनी तिला चार प्रश्न विचारावेत: तो कोणत्या तापमानाला चालला, विजेवर की दुसऱ्या लेझरच्या प्रकाशावर, अखंड की स्पंदांनी, आणि लहान म्हणजे नुसता प्रकाश लहान की सगळे उपकरण?